दानशूर विधवेचं दार

सरांनी माझा निबंध दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला, जणू त्याला काहीतरी लागलं होतं. पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा होता: ‘मान्य संदर्भांकडे दुर्लक्ष. स्त्रियांच्या योगदानाचा अवमान. पुन्हा लिहा.’ समोर उभी असलेली मीही स्त्रीच आहे, हे बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नसावं.

“सर, यात चुकलंय काय?”

“विधवा कुठे आहे?”

“विधवा नव्हतीच, सर.”

“चार ग्रंथांत आहे. तुझ्या निबंधात नाही. मग चूक कुणाची?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ‘पुन्हा लिहा’चा अर्थ आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होता. हा निबंध पास झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा हुकली की वर्ष गेलं. मी तोंड मिटून निबंध उचलला आणि बाहेर आले.

विषय दिला होता ‘आपल्या शहरातली एक सार्वजनिक इमारत’. मी सार्वजनिक वाचनालय निवडलं, कारण नाहीतरी मी तिथेच पडीक असते. ही इमारत मोठ्या रस्त्याकडे पाठ करून उभी आहे. रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत, त्यात नंतर भिंत फोडून काढलेलं एक साधं दार. आणि कोरीव कमान, दगडी पायऱ्या, नक्षीचे खांब असलेलं खरं दार मागे, स्कूटर आणि मांजरं यांच्या गल्लीत. तिथे पितळी पाटी आहे: एका दानशूर विधवेने इमारतीला देणगी दिली आणि अट घातली, की मुख्य दार मागेच हवं, म्हणजे बायकांना रस्त्यावरच्या नजरा चुकवून वाचायला येता येईल. गावात हे सगळ्यांना पाठ आहे. बायकांचा कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणे या दाराशी आले की त्यांचा गळा दाटून येतो.

आमच्याकडे निबंध लिहायची पद्धत सोपी आहे. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जुने निबंध मिळतात. त्यातला एक घ्यायचा, पहिलं पान बदलायचं, शेवटी सरांचं पुस्तक ‘पायाभूत ग्रंथ’ म्हणून टाकायचं. सरांना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते खूश होतात. पहिल्या आठवड्यात मीही तेच करणार होते. उगाच साधूपणाचा आव आणत नाही.

मध्ये आल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. या बाईंना एकच प्रश्न येतो: “कोण म्हणतं?” बाहेर ऊन फार आहे म्हटलं तरी त्या विचारतील, कोण म्हणतं? मी त्यांना विधवेची गोष्ट सांगितली, तशा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “कोण म्हणतं?”

“पाटीवर लिहिलंय की, बाई.”

“पाटी कोणाचं ऐकून लिहिली?”

मी वैतागले, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. शिवाय एक गोष्ट मला आधीपासून खुपत होती. आपल्याकडे कुणी बागेत बाक दिला तर त्यावर आजोबा-पणजोबांसकट नाव रंगवून घेतात. या बाईने अख्खी इमारत उभी केली आणि तिचं नाव कुणालाच माहीत नाही? चारही पुस्तकांत नुसतं ‘एक दानशूर विधवा’. त्या बाईला सासर नव्हतं, माहेर नव्हतं, शेंडा ना बुडखा.

मग मी नगरपालिकेच्या नकाशा विभागात खेटे घातले. तिथल्या साहेबांनी मला या टेबलावरून त्या टेबलावर इतकं फिरवलं, की शेवटी शिपायालाच माझी दया आली. वाचनालय बांधलं त्या काळचा नकाशा निघाला आणि मी कपाळावर हात मारला. आजची गल्ली हाच तेव्हाचा मोठा रस्ता होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं होती. आणि आजचा मोठा रस्ता आहे तिथे उघडा नाला होता. नाल्याकडे तोंड करून कोण दार बांधेल? दार बरोबर पुढेच होतं, पुढचा रस्ता मागे गेला. पैसे नगरपालिकेने दिले होते. ते मंजूर झाले त्या सभेचा वृत्तांतही मिळाला. त्यात दाराच्या लाकडावरून झालेलं भांडण आहे, विधवा कुठेच नाही.

हे सगळं मी लिहिलं. बाईंनी त्यातले ‘अत्यंत’ आणि ‘खरोखर’ निवडून निवडून काढायला लावले, प्रत्येक वाक्याला ‘कोण म्हणतं’ ते सांगणाऱ्या तळटिपेचा आकडा घालायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं मलाच पुन्हा वाचावंसं वाटलं. आणि त्यावर हा माणूस लिहितो, ‘अवमान’.

शेरा घेऊन मी तरातरा बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, “तू विधवा नाही हे दाखवलंस. ती आली कुठून हे दाखवलं नाहीस. सरांच्या पुस्तकाच्या मागे जा.”

मी मागे गेले. उरलेली तिन्ही पुस्तकं सरांच्याच पुस्तकाची री ओढत होती. सरांच्या पुस्तकातल्या तळटिपेत एका स्मरणिकेचा हवाला होता. स्मरणिकेत आमच्याच कॉलेजच्या एका जुन्या वार्षिक अंकाचा. तो अंक बाईंनी वरच्या फळीवरून काढून दिला. आत प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा निबंध होता. विधवा तिथे अगदी सुखाने नांदत होती. त्याच्या पलीकडे ना कसला आकडा, ना तळटीप. मी लेखिकेचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि जवळची खुर्ची ओढून बसले. ते माझ्या आईचं नाव होतं, लग्नाआधीचं.

आई चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा बसवणं, दांड्या वाकवणं, स्क्रू आवळणं. मी घरी पोचले तेव्हा ती शेजारच्या काकूंचा चष्मा दुरुस्त करत ओट्याशी उभी होती. मी अंक तिच्यासमोर धरला.

“अगंबाई, हे कुठे मिळालं तुला?” ती हरखून म्हणाली.

“ही विधवा तुला कुठे मिळाली?”

“कुठे मिळायची? मी रचली.” तिने चष्म्यावर फुंकर मारली. “सर म्हणाले होते, निबंधात एक तरी जागा अशी हवी की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. माझ्याकडे तशी जागाच नव्हती. मग ते मागचं दार आठवलं.”

“कोण सर?”

तेच सर. तेव्हा नवे नवे लागलेले. त्यांनी तिला वर्गात सगळ्यात जास्त, वीसपैकी अठरा गुण दिले, खाली ‘हृदयस्पर्शी’ लिहिलं आणि निबंध अंकात छापायला पाठवला. दुसऱ्या वर्षानंतर आईचं कॉलेज सुटलं. सरांनी मात्र त्या विधवेचा हात सोडला नाही.

“आणि पाटी लागली तेव्हा? रोज तिथून जातेस तू! एका शब्दाने बोलली नाहीस?” माझा आवाज चढला होता. मला सरांइतकाच तिचाही राग आला होता.

आई ओशाळली. “खरं सांगू? पाटी लागली, मोठमोठी माणसं येऊन बोलली. मला वाटलं, मी मनाचं म्हणून लिहिलं, पण ते चुकून खरंच निघालं असणार. एवढी शिकलेली माणसं काय न बघता पाटी लावतील?”

मी तिला शेरा दाखवला. तिने तो वाचला, आणि मग माझा सगळा निबंध उभ्यानेच वाचला. नकाशापाशी ती थांबली, बोटाने नाला कुठून कुठे जात होता ते बघितलं. वाचून झाल्यावर तिने हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, “उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला बसा म्हटलं. पालक आले की ते फार गोड होतात.

“सर, मी हिची आई,” आई म्हणाली. “पण त्यासाठी नाही आले. मी तुमचा संदर्भ आहे.”

सरांना अर्थातच काही कळलं नाही. आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. “चष्मा डावीकडे उतरलाय तुमचा. द्या इकडे.” आणि तिने तो काढून घेतलासुद्धा. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दांडीचा स्क्रू आवळत आवळत तिने विधवेचा सगळा जन्म सांगितला. सर डोळे मिचकावत ऐकत राहिले. करतात काय? चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही नीट दिसत नव्हता.

“पण तुम्ही ते रचलं याला पुरावा काय?” शेवटी ते म्हणाले.

“रचलं तेव्हा नाही मागितलात तुम्ही पुरावा!”

“हे बघा, आज चार ग्रंथ एकीकडे आहेत आणि तुमचा एकटीचा शब्द एकीकडे.”

“सर, त्या चारही ग्रंथांत तोच शब्द आहे,” मी म्हणाले. “हिचाच.”

सर जरा चपापले. मग त्यांनी सूर बदलला. किती बायकांना त्या पाटीने उभारी दिली, म्हणाले. लोकांच्या भावना असतात, म्हणाले. मुलीचं वर्ष वाया जावं असं मलाही वाटत नाही, निबंधात एक वाक्य घाल, ‘याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत’, मी सही करतो.

मी आईकडे बघितलं. वर्ष वाचत होतं. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गुळमुळीत बोलायचं होतं. पण आईनेच आवाज चढवला.

“जी बाई कधी जन्मालाच आली नाही, तिचा केवढा मान ठेवता तुम्ही! पाटी काय, भाषणं काय! आणि ही पोरगी समोर उभी आहे, जिवंत, ऑफिसांचे उंबरठे झिजवून खरं शोधून आणलंय तिने, तिला ‘पुन्हा लिहा’? मला अठरा दिलेत ना? माझे परत घ्या ते आधी!”

“तसं करता येत नाही हो,” सर चाचरत म्हणाले. बाहेरच्या खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला होता.

मी पेन काढलं. सरांना मतभेद हवे होते, तर मतभेद. शेवटच्या पानावर मी लिहिलं: ‘या दाराबाबत मतभेद आहेत. विधवा होती असं प्राध्यापक म्हणतात. विधवा नव्हती असं ती रचणारी लेखिका म्हणते.’ आईने खाली सही केली, लग्नाआधीच्या नावाने. चष्मा परत देऊन म्हणाली, “आता बघा, नीट दिसेल.”

सरांनी वाचलं. त्यांच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या. पण वाक्य त्यांनीच मागितलं होतं, आणि दाराशी टाइपिंगवाल्या बाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी सही केली आणि गुण लिहिले: वीसपैकी आठ. पास व्हायला आठच लागतात.

“खोट्याला अठरा, खऱ्याला आठ,” आई जिना उतरताना म्हणाली, आणि वाचनालयाच्या गल्लीपर्यंत ती हेच म्हणत होती. तिथे ती पाटीसमोर थांबली. इकडेतिकडे न बघता स्क्रूड्रायव्हर काढून पाटीच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला लावला. तो खाचेत नुसताच गरगर फिरला.

“चष्म्याचा आहे. इथे काय चालणार!” ती म्हणाली. “आणि काढली तरी चोरी झाली म्हणून याहून मोठी लावतील.”

थोडा वेळ आम्ही तिथेच पायरीवर बसलो.

“माझंच चुकलं,” आई म्हणाली. “तिला नाव द्यायचं मनात होतं, कंटाळा केला. नाव दिलं असतं तर कुणीतरी शोधायला गेलं असतं, आणि माझं बिंग तेव्हाच फुटलं असतं.”

“कोण गेलं असतं?” मी विचारलं.

आईने खरोखर विचार केला. मग तिने पर्स बंद केली आणि उठली.

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “तुझ्या आजीचं नाव द्यायला हवं होतं गं, पाटीवर तरी आलं असतं. तिचं नाव तर कुणी रेशनकार्डावरसुद्धा धड लिहिलं नाही.”