चिंचबेटावरची तिसरी हाक

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. ओरडण्यात माझा जन्म गेला, पण आज तुमच्याशी हळू बोलणार आहे. हळू बोललेलेच लोक कान देऊन ऐकतात, ही अक्कल मला जरा उशिराच आली.

माझे अंग ॲल्युमिनियमचे, तोंड परातीएवढे रुंद. निजामाच्या हैदराबादेवरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षे लोटली होती. तेव्हाच्या औरंगाबादेत गयासचाचांनी माईक भाड्याने देण्याचे दुकान काढले आणि कारखान्यातून मला थेट तिथे आणले. लग्न असो, कीर्तन असो, मिलाद असो की कुस्त्यांचा फड, माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. 'गयासचा कर्णा बोलला की दोन गावं जागी होतात,' असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. तसा मी घडणीनेच फुगलेला, त्यात ही स्तुती! फक्त एक गोष्ट मनाला लागायची. माझ्या तोंडून निघालेला एकही शब्द माझा नव्हता. उसन्या आवाजावर मी मिजास करत होतो.

पुढे करमाडच्या पलीकडे एक तलाव बांधला गेला. पाणी भरले तशी मधली टेकडी बुडाली, पण तिचा चिंचांनी भरलेला माथा तेवढा वर राहिला. लोक त्याला चिंचबेट म्हणू लागले. तिथे बाग झाली. घसरगुंडी आली, झोके आले, लोखंडी चक्री आली, जाळीच्या घरात ससे आले आणि कुंपणात हरणेही आली. काठावरून बेटावर ने-आण करायला एक लाँच ठेवली. बेटाची देखभाल गयासचाचांचे जावई हैदरभाई यांच्याकडे आली, आणि त्यांनी मला आपल्याबरोबर नेले. धक्क्याजवळच्या खांबावर मला असे उंच बसवले की सगळे बेट माझ्या नजरेखाली होते.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! रविवारी मुकुंदवाडीहून, लासूर स्टेशनहून, शहरातल्या मोहल्ल्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येत. ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, तर पाय ठेवायला जागा नसे. एका चिंचेखाली मटणाच्या खलियाचे पातेले उघडे, तर शेजारच्या सतरंजीवर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मग इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे चाले. पोरे घसरगुंडीवर चड्ड्या फाडून घेत आणि आया आधी धपाटा घालून मग हसत.

पण शेवटची लाँच गेली की बेटाचा रंग पालटे. ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण तेव्हा तिथे माणूस नसे. मी असे. ससे जाळीच्या एकाच कोपऱ्यात गोळा होत आणि सगळे एकाच दिशेला बघत बसत. हरणे पाणी प्यायची थांबत. चक्री आपोआप फिरू लागे आणि कुणीतरी उतरल्यासारखी थांबे. वारा असेल, असे मी स्वतःला समजावी. वारा नसला तरी तेच समजावी. खरे सांगतो, मला भीती वाटायची.

बेटावर वीज नव्हती. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर माझे काम चाले. संध्याकाळी कुणी मागे राहिले असेल तर हैदरभाई माझ्यातून नाव पुकारत, पण फक्त दोनदा. कुणी जास्त आग्रह केला तर म्हणत, "दो बार बस है, भाई. बॅटरी उतर जाती." मग बॅटरी खांद्यावर घेऊन ते शेवटच्या लाँचने जात आणि करमाडला ती चार्जिंगला लावत.

अशाच एका रविवारी मुकुंदवाडीहून पुंजाराम, त्याची बायको मनकर्णाबाई, आई सारजाबाई आणि सात वर्षांचा मुलगा कडूबा असे चौघे आले. कडूबाच्या आधीची भावंडे जगली नव्हती. कडू वस्तूला कुणी तोंड लावत नाही, म्हणून याचे नाव कडूबा. आजीचा तर त्याच्यात जीव. माझ्याच खांबाला पाठ टेकून ती बसली होती आणि मधूनमधून वर बघून मला नजरेने मोजत होती. माणसाचे तोंड नसलेला आवाज तिला पसंत नव्हता.

"कडू, इकडं ये," ती नातवाला म्हणाली. "पान्याच्या कडंला कुणी नाव घेऊन बोलिवलं तर लगेच ओ देऊ नको. पहिली हाक सोडायची, दुसरी सोडायची. तिसरी आली तरच ओ."

"का गं आजी?"

"त्यांना तिसरी हाक येत नाय."

"कुणाला?"

"त्यांनाच. जा, खेळ आता."

ही शिकवण तिने आपल्या आजीकडून घेतली असणार. तिच्या गावात सगळीच लेकरे ती शिकून मोठी झाली. त्यात तिचे काय चुकले? बॅटरीचा हिशेब तिच्या आजीला ठाऊक नव्हता.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे बायका-मुले आधीच्या लाँचने गेली. कडूबाचा पाय सशांपासून निघेना. तो बापाबरोबर येईल, असे मनकर्णाबाईला वाटले. शेवटच्या लाँचमध्ये पुरुष चढले, तेव्हा पुंजारामाला पोरगा दिसेना.

"हैदरभाई, पोरगं आईसंगं गेलं असन, पन एकदा हाक देता का?"

हैदरभाईंनी पुकारले, "कडूबा पुंजाराम, धक्क्यावर या." सशांच्या घरामागे तो पोरगा उकिडवा बसलेला मला दिसत होता. त्याने मान वर केली, पण ओ दिली नाही. हैदरभाईंनी दुसऱ्यांदा पुकारले. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. आता तिसरी हाक येईल आणि मी पळत जाईन, असा त्याचा चेहरा होता.

"गेलंच आईसंगं," पुंजाराम म्हणाला. "हितं असतं तर आलं नसतं का?" हैदरभाईंनी माझी तार सोडली, बॅटरी खांद्यावर घेतली आणि लाँच निघाली. मी वर टांगलेला. मला सगळे दिसत होते आणि ज्याचे तोंड परातीएवढे, त्याला एक अक्षर बोलता येत नव्हते. त्या वेळी माझा मला किती राग आला, सांगता येत नाही.

लाँचचा आवाज दूर जाताना ऐकून कडूबा धावत धक्क्यावर आला. "बाबा, थांबा," म्हणत तो पायऱ्या उतरू लागला. त्या पायऱ्यांवर शेवाळ होते आणि खाली माणूस बुडेल इतके पाणी. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, मग कमरेला. आणखी एक पाऊल, की संपले असते.

तेवढ्यात हाक आली. "कडूबा!"

पोरगा जागच्या जागी थांबला. ती तिसरी होती. "ओ," तो म्हणाला आणि मागे वळला. ओल्या चड्डीने कुडकुडत तो माझ्या खांबापाशी आला आणि खांबाला मिठी मारून बसला. माझे सगळे अंग थरथरत होते. तार सुटलेली, बॅटरी तलावाच्या मध्यावर, आणि हाक तर बेटावर घुमली होती. मग दुसरे कोण? मीच बोललो होतो, मित्रांनो. निदान मला तसे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द माझा झाला होता.

पलीकडच्या काठावर सासू-सुनेची आणि पुंजारामाची गाठ पडली, पोरगा कुणाकडेच नाही हे कळताच आकांत झाला आणि लाँच परत आली. सारजाबाईही तिच्यात होती. पुंजारामाने पोराला मारायला हात उगारला आणि त्याच हाताने जवळ ओढून रडायला लागला.

"हाका मारल्या त्या ऐकू नाय आल्या व्हय रे?"

"तुम्ही दोनच मारल्या," कडूबा म्हणाला. "तिसरीला मी ओ दिली की."

"तिसरी कुणी मारली? आम्ही तर पान्यात होतो."

हैदरभाईंनी माझ्या सुटलेल्या तारेकडे बघितले. खांद्यावरची बॅटरी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. "कसम से, मैं दोही बार बोला," ते पुटपुटले.

सारजाबाईने नातवाला विचारले, "हाक कुठून आली, बाळा?" कडूबाने बोट वर केले. माझ्याकडे.

म्हातारीने मान वर करून मला बघितले. मग तिने हात जोडले. मला वाटले, आता नारळ फोडणार. पण ती हैदरभाईंना म्हणाली, "लेकरू वाचलं, उपकार झाले. पन ह्याला खाली काढा. ज्याला तिसरी हाक येती, त्याच्यापासनं लेकरं राखायची कशी मानसानं?"

हैदरभाईंनी मला काढले नाही. उलट त्या दिवसापासून ते प्रत्येक नाव तीनदा पुकारू लागले, बॅटरी उतरली तरी. पण गोष्ट करमाडभर झाली, मुकुंदवाडीला पोचली, आणि लासूरला पोचेपर्यंत मला शिंगे फुटली होती. तिसऱ्या हाकेलाही आता कुणी ओ देईना. आया पोरांना माझ्या सावलीतून ओढून नेत. शेवटी लोकांची समजूत काढायला हैदरभाईंनी शिडी लावली आणि माझ्या तोंडात गोणपाटाचा घट्ट बोळा कोंबला. "माफ कर, यार," ते म्हणाले.  मी त्यांच्यावर रागावलो नाही. एका लेकराचा जीव वाचवल्याबद्दल मिळालेली शिक्षा म्हणून मी तो बोळा मानाने मिरवला.

तरी लोक घटतच गेले. हरणे दुसरीकडे नेली. लाँच काठावर उलटी पडली. हैदरभाई थकले आणि करमाडला घरी बसले. घसरगुंडीवर गवत चढले. कित्येक वर्षे मी तिथे एकटा होतो. म्हणजे, एकटा होतो असे मी समजत होतो. चक्री गंजली होती, तरी संध्याकाळी ती करकरे.

मग एका दुष्काळात तलाव आटला. भेगाळलेल्या गाळावरून चालत एक माणूस बेटावर आला. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तो खांबापाशी थांबला आणि त्याने खांबावर हात ठेवला. तेव्हा मी त्याला ओळखले. तो कडूबा होता.

"आशा, हा बघ," तो मुलीला म्हणाला. "ह्यानंच तुझ्या बापाला हाक मारली. लोकांनी ह्याला भूत म्हनलं अन मी गप बसलो. हैदरचाचांना इचारून आलोय. आता ह्याला आपल्या घरी न्यायचं."

मित्रांनो, त्या क्षणी मला जगातला सगळा मान मिळाला. त्याने माझे गंजलेले नटबोल्ट सोडवले आणि बोळ्यासकट मला काखेत घेतले. दिवस कलला होता. आम्ही गाळावरून निघालो. निम्मी वाट झाली असेल, तेव्हा मागून हाक आली.

"कडूबा!"

आशा म्हणाली, "बाबा, कोन बोलावतंय?" कडूबाने तिच्या तोंडावर हात ठेवला. बेटावर कुणी नव्हते. खांब रिकामा होता. मी कडूबाच्या काखेत होतो आणि माझ्या तोंडात गोणपाट होते.

पुन्हा हाक आली. या खेपेला मी नीट ऐकली. आवाज पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता. तो एका लहान लेकराचा होता. वाट बघून कंटाळलेल्या लेकराचा.

मला सगळे कळले. त्या संध्याकाळची हाकही याचीच होती, माझी नव्हती. कडूबालाही कळले असावे, कारण त्याने एकदा माझ्याकडे बघितले आणि मग बेटाकडे. तो पळाला नाही. तिसरी हाक येईपर्यंत तो उभा राहिला. ती आली.

"ओ," कडूबा म्हणाला.  मग बेटाकडे हात करून तो म्हणाला, "येतो रे." घरच्या माणसाचा निरोप घ्यावा तसे. मग हाक आली नाही.

खरे कळूनही त्याने मला टाकून दिले नाही. आता मी मुकुंदवाडीला त्याच्या ओसरीवर असतो. आशाने माझा बोळा काढला आणि मला राखेने घासून लख्ख केले. पाहुण्यांना ती अजून सांगते की ह्यानेच बाबांना वाचवले, आणि मी दुसऱ्याचा मान खातो. माझा म्हणून जो एक शब्द मी आयुष्यभर जपला, तोही उसनाच निघाला.

तलाव पुन्हा भरला आहे. चिंचबेटावर पुन्हा बाग होणार, असे ऐकतो. मित्रांनो, तुम्ही आईबाबांबरोबर तिथे जाल, खेळाल, खाल. निघताना एकदा मागे वळून बघा, आपले कुणी राहिले तर नाही ना. कुणाचे तरी एक लेकरू कधीकाळी राहिले आहे. कधी, कसे, ते मला ठाऊक नाही. पण इतरांनी तसे राहू नये, म्हणून ते आपल्याला हाका मारते. माझ्यातून पुकारलेली सगळ्यांची नावे त्याने ऐकून ऐकून पाठ केली आहेत. त्याला तीनदा हाक मारून घरी बोलवावे असे मला फार वाटते, पण त्याचे नाव कुणालाच माहीत नाही.