वना भिलाची बनेटी

मित्रांनो, मी एक जुनी बनेटी आहे. बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना तेलात भिजवलेले चिंध्यांचे गोळे बांधायचे, ते पेटवायचे आणि गरगर फिरवायची, ती काठी. पारोळ्याजवळच्या एका गावातल्या तालमीत मी भिंतीवर टांगलेली आहे. माझ्याखाली पाटी आहे: 'मूळ पुरुष उखर्डू आबा यांची काठी'. साफ खोटं! उखर्डू आबांनी मला कधी हातात धरलं नाही. माझा जन्म झाला तेव्हा ते जिवंतसुद्धा नव्हते.

मला घडवलं वना भिलानं. तो शेतांचा राखणदार होता. १९०६ सालच्या थंडीत रानडुकरांनी ज्वारी आडवी करायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं भरीव बांबू तोडला, तासला, विस्तवावर शेकून सरळ केला आणि टोकांना चिंध्या बांधल्या. डुकरं चारही बाजूंनी यायची आणि वना एकटा. म्हणून तो मला पुढून, मागून, डोक्यावरून अशी फिरवायचा, की त्याच्याभोवती विस्तवाचं कडंच उभं राही. ज्याला आज लोक मोठी विद्या म्हणतात ना, तिचं मूळ एवढंच आहे. एका गरीब माणसाला दुसऱ्याचं पीक वाचवायचं होतं.

त्याच रानात नूर महंमद पिंजारी वनाजवळ येऊन बसायचा. हिवाळ्यात तो गावोगाव कापूस पिंजत, गाद्या भरत हिंडे. वनाचे हात पाहून तो वेडाच झाला. वनानं त्याला सगळं शिकवलं आणि मरताना मलाही त्याच्याच हाती दिलं. नूर महंमदनं मला रानातून गावात आणलं. मी ताबुतांपुढे फिरले, दसऱ्याच्या मिरवणुकीत फिरले. माझं कौतुक तर विचारूच नका! बाया लेकरांना कडेवर घेऊन बघायला यायच्या. पण मला उचलण्याआधी नूर महंमद न चुकता जमिनीला हात लावायचा, कानाची पाळी धरायचा आणि मोठ्यानं नाव घ्यायचा, "वना उस्ताद!" भिलाला उस्ताद म्हणतो म्हणून काही लोक फिदीफिदी हसायचे. तो त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही.

मग अभिमन आला. नुकतंच मिसरूड फुटलेला शेतकऱ्याचा मुलगा, बाप लवकर गेलेला. नूर महंमदनं त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. "हातकडे नको देखू, पायकडे देख," असा अंगावर ओरडायचा, आणि अभिमनला पोळलं की स्वतःच्या हातानं खोबरेल लावायचा. अभिमनही आधी जमीन, मग कान, आणि मग "नूर उस्ताद!" असं खणखणीत म्हणायचा. तेव्हा मला वाटे, आता माझं घराणं बुडत नाही. किती भाबडी मी!

अभिमन मोठा झाला. तालमीचा प्रमुख झाला, पागोटं बांधू लागला, पंचांत बसू लागला. १९३७ साली धुळ्याहून गिरधर मास्तर आले. गावोगावच्या मर्दानी खेळांचं मूळ शोधत ते फिरत होते. त्या दिवशी तालीम माणसांनी भरून गेली. नूर महंमद आता म्हातारा झाला होता, तो दाराशी बसला होता. मास्तरांनी विचारलं, "अभिमनभाऊ, ही विद्या तुमच्याकडे आली कुठून?"

मी अभिमनच्या हातात होते. त्याच्या तळव्याला घाम सुटलेला मला कळला. फक्त दोन नावं घ्यायची होती. पण समोर पाटील, पंच आणि शहरातला शिकलेला माणूस. त्यांच्यापुढे भिलाचं आणि पिंजाऱ्याचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, "आमच्या घराण्यातलीच आहे साहेब. पणजोबा उखर्डू आबा किल्ल्यावर शिपाई होते. त्यांच्यापासून चालत आली."

अरे अभिमन! काय बोललास हे? काठीला तोंड नसतं, नाहीतर मी भर तालमीत त्याचे वाभाडे काढले असते.

मास्तर दाराकडे वळले. "बाबा, तुम्हीही शिकवत होतात असं कानावर आलंय."

नूर महंमदनं अभिमनकडे पाहिलं. अभिमननं मान खाली घातली. म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठला आणि म्हणाला, "मी पिंजारी शे साहेब. गाद्या भरस. माले यातलं काय समजस?"

शिष्याची लाज राखली त्यानं. मास्तरांनी मान डोलावली आणि ते पुढच्या गावाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूर महंमद तालमीत आला. अभिमननं आधी दार लोटून घेतलं, कडी घातली आणि मग त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "उस्ताद, चुकी व्हयनी. पन आते बठ्ठा गावनी ऐकं. शब्द कसा फिरवू?"

"मनं नाव नही लिधं, ते जाऊ दे," नूर महंमद म्हणाला. "पन वनानं नाव कोठे गयं रे? त्याना हातनी काठी शे हाई. ते नाव काल मी बी गिळी टाकं, फक्त तुनासाठे."

"उस्ताद, ऐका ना..."

"दार लाईसन उस्ताद म्हनस, अनी चार लोकस्मा वळखस नही. आते माले पिंजारीच म्हन, अभिमन."

त्यानं स्वतःच कडी काढली आणि तो निघून गेला. तालमीची पायरी तो पुन्हा चढला नाही. काही वर्षांनी तो वारला, तेव्हा अभिमन मयतीला गेला, पण खांदा द्यायला पुढे झाला नाही. लांब निंबाखाली उभा राहिला आणि तिथूनच परत आला. मग त्यानं ती पाटी करून आणली, मला खिळ्याला टांगलं आणि पुन्हा कधी हातात घेतलं नाही. लाज वाटत असेल. वाटायलाच हवी!

यंदा देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी मलाही हार घातला. वाळवीनं मी आतून पोखरत चालले आहे, मला हार काय करायचा? मित्रांनो, मला तेलपाणी करा किंवा नका करू, आज ना उद्या मी मोडणारच. पण ज्यानं तुम्हाला हाताला धरून काही शिकवलं, त्याचं नाव चारचौघांत घ्या, मोठ्यानं घ्या, आणि तो समोर बसलेला असताना घ्या. त्या दिवशी दाराशी बसलेल्या नूर महंमदचं तोंड मी पाहिलं आहे. तसं तोंड तुमच्यामुळे कुणाचं होऊ देऊ नका.