राजोडीतला पहिला राजीनामा

आल्बर्ट अंकलच्या राजोडीच्या रिसॉर्टमधून आजवर चौदा माणसं नोकरी सोडून गेली होती, पण राजीनामा एकानंही दिला नव्हता. "गावी जाऊन येतो" म्हणायचं आणि यायचं नाही, अशी तिथली रीत. अंकल पंधरा दिवस वाट बघायचे. सोळाव्या दिवसापासून त्या माणसाचं नाव काढायची सगळ्यांना बंदी.

उन्नतीला असं जायचं नव्हतं. सहा वर्षं तिनं त्या नऊ खोल्यांचं काउंटर एकटीनं सांभाळलं होतं. आता हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलानं तिला फ्रंट ऑफिसची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं, पण त्याआधी जुन्या मालकाचं पत्र द्यायचं: इतकी वर्षं काम केलं, राजीनामा मंजूर आहे. पत्र नाही तर जागा नाही. जायचं हे तिनं पक्कं केलं होतं. कसं निघायचं, एवढंच उरलं होतं.

तिचा नवरा जितेश अंधेरीच्या एका कंपनीत होता, त्यामुळे असल्या बाबतीत त्याला सगळं ठाऊक. त्यानं राजीनामा टाइप करून दोन प्रती काढल्या.

"एक त्यांना द्यायची, दुसरीवर सही घ्यायची. पोच म्हणून. उद्या म्हणाले मिळालंच नाही, तर?"

"अंकल असं नाही म्हणणार."

"सही मागेपर्यंत सगळेच अंकल असतात गं!"

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गर्दी ओसरू दिली आणि दोन जानेवारीला उन्नतीनं दोन्ही कागद अंकलसमोर ठेवले. अंकलनी चष्मा लावून पहिला वाचला. मग दुसराही वाचला, अगदी शेवटपर्यंत.

"दोन्हीत एकच लिहिलंय. दुसरा कशाला?"

"त्याच्यावर सही हवी होती, अंकल. मिळालं म्हणून."

अंकलनी चष्मा काढला. त्यांच्या घरात सही करून घेतलेला कागद याआधी एकदाच आला होता, कुंपणाच्या वादावरून शेजाऱ्यानं पाठवलेली वकिलाची नोटीस. ते प्रकरण अकरा वर्षं चाललं.

"म्हणजे आता आपण कोर्टात भेटायचं का?" एवढंच म्हणून ते कागद तिथेच टाकून पाण्याच्या पंपाकडे निघून गेले.

पुढचे चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. बोलायचं झालंच तर लुसी आंटींमार्फत, आणि तेही तिच्या पुढ्यात उभं राहून.

"लुसी, तिला सांग, सात नंबरचा नळ गळतोय."

"आंटी, त्यांना सांगा, सकाळीच दुरुस्त झालाय."

"मला मधे कशाला ओढता?" लुसी आंटी करवादल्या. "मी बायको आहे, टपाल खातं नाही!"

उन्नती डगमगली नाही. तिनं एक वही घेतली आणि डोक्यात होतं ते सगळं उतरवायला सुरुवात केली. कुठल्या खोलीचा गीझर कसा चालू होतो, केळीची पानं सांडोरहून कुणाकडून येतात, कुठल्या वारी मासळी मागवायची नाही. हाउसकीपिंगमधल्या दिपिकाला तिनं शेजारी बसवलं.

"ताई, वीस जण सांगून सत्तावीस येणारे ओळखायचे कसे?"

"जे फोनवर विचारतात ना, लहान मुलं मोजायची का, ते."

शुक्रवारी दुपारी नारळ खवताखवता लुसी आंटींनी विषय काढला. "तू चाललीस म्हणून नाही रागावलेत ते. प्रल्हाद आठवतो? गणपतीला म्हणून गेला. तीन वर्षं झाली, अजून त्याचं विसर्जन चाललंय! यांना वाटायचं, ही तरी सांगेल. आणि तू सांगितलं नाहीस, कागद दिलास."

उन्नतीला ते पटलं. कागद बरोबर होता, पण तो तोंडाच्या आधी गेला होता.

अंकल सुरूच्या झाडाखाली झोपाळ्याची दोरी बदलत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"अंकल, माझी एक चूक झाली. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. म्हणून आता सांगते. मी नोकरी सोडतेय. एकतीस तारखेपर्यंत आहे. दिपिका तोवर तयार होईल. चुकलं ते सांगण्यात चुकलं, जाण्यात नाही."

अंकलनी गाठ आवळली. "तिथे किती खोल्या?" त्यांनी तिलाच विचारलं.

"एकशे वीस."

"आणि काउंटरवर तू एकटी?"

"नाही, माझ्या हाताखाली चार जण."

"चार?" अंकलनी दोरी खाली ठेवली. "लुसी, ऐकलंस का? चार माणसं हिच्या हाताखाली!"

पण जितेशच्या कागदावर काही ते सही करीनात. "ही भाषा तुझी नाही अन् माझीही नाही," म्हणाले आणि स्वतः लिहायला बसले. लुसी आंटींनी तारखा तपासल्या, रिसॉर्टचा शिक्का मारला. पत्र असं होतं:

"उन्नतीने आमच्याकडे सहा वर्षे दोन महिने काम केले. ती आम्हाला सांगून जात आहे. राजीनामा मंजूर आहे. आमच्याकडे जास्त खोल्या असत्या तर मंजूर केला नसता."

जितेशनं ते वाचून कपाळाला हात लावला. "शेवटची ओळ तरी काढायला सांग!"

"राहू दे," उन्नती म्हणाली आणि पत्र आहे तसं पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी हॉटेलातून फोन आला. तिथल्या ऋतिका मॅडमना आल्बर्ट अंकलशी बोलायचं होतं. उन्नती काउंटरमागे उभी होती. एकाच बाजूचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"हो, मीच लिहिलंय... शेवटची ओळही माझीच. खोटं कशाला लिहू?... काय म्हणालात? पुन्हा कामावर घेईन का?" अंकलनी उन्नतीकडे पाहिलं. "अहो, ही काय विचारायची गोष्ट झाली? तुम्ही सोडलीत तर आजच्या आज घेईन. पण सोडू नका. पोरीनं नाव काढायला हवंय तिथे."

मग बराच वेळ ते नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "एक तारखेला साडेआठला बोलावलंय. पत्र चाललं म्हणे. आणि उशीर करू नकोस, इथं करतेस तसा."

"मी कधी उशीर केलाय, अंकल?"

"नाही केलास," अंकल म्हणाले. "पण माणूस निघालं की मालकाला काहीतरी बोलावं लागतं की नाही? आजवर कुणी संधीच दिली नव्हती."