बिट्टीच्या पदवीला आलेली पाहुणी

"हे बघ आत्या, गाजावाजा नको. तू दमतेस आणि मग दोन दिवस कंबर धरून बसतेस," बिट्टी म्हणाली. तिची पदवी हातात पडली होती, आणि दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून छोट्याशा पार्टीचं ठरवत होत्या. केक कोपऱ्यावरच्या बेकरीतून, सँडविच विकतची, सरबत तेवढं घरचं. ताटल्या कागदी, म्हणजे घासायला नकोत. बोलवायचं ते बिट्टीच्या दोन मैत्रिणींना, खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना आणि आत्याच्या कामावरच्या आक्कांना.

"शिंपीकाका एकटेच चौघांचं खातात," आत्या म्हणाली. "त्यांच्या हिशेबानं केक घेऊ."

बिट्टी हसली. मग नखानं टेबलाची कड खरवडत हळूच म्हणाली, "आईलाही सांगू का?"

आत्यानं आवाज हलू दिला नाही. "सांग की. विचारायचं काय त्यात?"

"सांगितलंय. तिच्या माहेरून नंबर मिळवून फोन केला मी. येते म्हणाली."

आत्याचा भाऊ गेला तेव्हा बिट्टी नुकती पावलं टाकायला लागली होती. वहिनीचं वय ते काय! माहेरच्यांनी वर्षाच्या आत तिचं दुसरं लग्न लावून दिलं, आणि त्या घराला पोर नको होती. "थोडे दिवस सांभाळा, वन्सं," म्हणून वहिनी गेली ती गेलीच. आत्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. तिच्यासाठी एक-दोन स्थळं आली, पण पोरीसकट कोणी घेईना आणि पोरीला सोडून ती जाईना.

बिट्टीला तिनं एवढंच सांगितलं होतं, की आई लांब आहे, अडचणीत आहे, पण तिचा तुझ्यावर जीव आहे. शाळेत कुणीतरी "टाकलेली पोर" म्हणालं आणि बिट्टी रडत घरी आली, तेव्हा मात्र नुसत्या सांगण्यानं भागेना. त्या वाढदिवसाला आईच्या नावानं टपालातून फ्रॉक आला. मग दर वाढदिवसाला येत राहिला. फ्रॉक आत्या आणायची. पत्ता आक्का लिहायच्या, कारण आत्याचं अक्षर पोरीनं लगेच ओळखलं असतं.

पार्टीच्या दिवशी वहिनी सगळ्यांच्या आधी आली. केस पिकलेले, चालताना एक पाय किंचित ओढत. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. इतकी वर्षं सांभाळलेला राग तिला पाहिल्यावर कुठं ठेवावा, ते आत्याला कळेना. तिनं सरबत पुढं केलं.

केक कापला. शिंपीकाकांनी पुन्हा ताटली पुढं केली आणि म्हणाले, "हा दुसरा तुकडा नव्हे, पहिल्याचाच राहिलेला भाग." पोरी खळखळून हसल्या. हसता हसता बिट्टी उठून उभी राहिली.

"मला भाषण येत नाही. आत्यानं मला वाढवलं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण आई, तुझे ते फ्रॉक यायचे ना, ते घालून शाळेत गेले की मला कुणाचं काही वाटायचं नाही. मलाही आई आहे हे सगळ्यांना दिसायचं."

वहिनीचा पेला तोंडापाशी थांबला. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं इतरांना कळणार नाही अशी होकाराची मान हलवली. आक्का आपल्या ताटलीतच बघत राहिल्या.

"आवडायचे ना तुला?" वहिनी कशीबशी म्हणाली.

"निळा तर फार."

थोड्या वेळानं वहिनी स्वयंपाकघरात आली. आत्या पेले विसळत होती.

"वन्सं, मी तिला कधी साधा रुमालसुद्धा पाठवला नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग माझं नाव कशाला लावलंत?"

"तिला आई हवी होती. ती मला आणता येत नव्हती. फ्रॉक आणता येत होता."

वहिनी भिंतीला टेकली. "मी तिला खरं सांगून टाकते."

"नका सांगू. तुमचं ओझं उतरेल, पण ते तिच्या डोक्यावर जाऊन बसेल."

बाहेर पोरी कसलंसं गाणं म्हणत होत्या. वहिनी खाली बघत म्हणाली, "तिला आमच्या गावी नोकरी लागलीय. माझ्याजवळ राहायचं म्हणते. हे गेल्यापासून मी एकटीच असते. तुम्हाला बोलली नाही का ती?"

आत्याचा हात नळाखाली तसाच राहिला. पाणी वाहत होतं.

"तुम्ही नको म्हणालात तर मी तिला काहीतरी कारण सांगेन," वहिनी म्हणाली.

"मी कशाला नको म्हणू?" आत्यानं नळ बंद केला. "तिला झोपताना पंखा लागतो, थंडीतसुद्धा. आणि जेवणावर रुसली तर मनधरणी करू नका. भूक लागली की आपण होऊन येते."

पाहुणे गेल्यावर बिट्टीनं स्वतःच विषय काढला. "तू रागावशील असं वाटलं, म्हणून आधी बोलले नाही."

"मी कधी रागावते का?" आत्या म्हणाली, आणि तिच्या बॅगेत काय काय भरायचं ते विचारू लागली.

महिना संपायच्या आत बिट्टी गेली. फोन येतो तिचा, नेमानं. बोलण्यात "आई म्हणते" असं वारंवार येतं आणि आत्या प्रत्येक वेळी "बरोबर म्हणते" म्हणते.

एकदा इस्त्रीच्या टेबलाशी आक्कांना राहवलं नाही. "तेव्हाच खरं सांगितलं असतंस, तर पोर तुला सोडून गेली नसती."

"दुसरं टोक धरा, आक्का," आत्या म्हणाली. दोघींनी चादर ताणली, घडी घातली. आत्याचे डोळे भरून आले होते. आक्कांनी ढिगातली पुढची चादर उचलली.