दुपट्याचे दोनशे ग्रॅम वजा

मी बाळं तोलायचा काटा. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. जन्मापासून मी मारच खात आलोय.

कारखान्यात एका यंत्राने सपाट पत्र्यावर असा दणका घातला की त्याचं खोलगट तबक झालं. मग एका म्हाताऱ्या कारागिराने हातोडीने माझे काठ ठोकून ठोकून वळवले. "बाळाच्या पाठीला लागायला नको," असं पुटपुटत तो ठोकत होता. पोटात स्प्रिंग कोंबली, पुढे आकड्यांची तबकडी बसवली, तिच्यावर लाल सुई. पाच किलोचं माप माझ्या तबकात कितीतरी वेळा आदळून बघितलं आणि मगच मला बाहेर सोडलं. त्या माराचं मला काही वाटलं नाही. त्यात कुणाचा राग नव्हता. रागाने मारणं काय असतं, ते मी घरात आल्यावर पाहिलं.

मला विकत घेतलं एका जिमवाल्याने. खाली जिम, वर घर, आणि घरातून बाहेर पडायचं तर जिना जिममधूनच जायचा. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. मीही तसंच म्हणतो, जिभेला वळण पडलंय. गडी एकशे वीस किलो डोक्यावर न्यायचा आणि दाणकन खाली सोडायचा, तेव्हा वर माझी सुई थरथरायची. घरात त्यांची बायको होती, पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. आणि त्यांची आई होती. ती दिवसभर काहीबाही निवडत, बडबडत बसायची आणि जिन्यावर मुलाची पावलं वाजली की गप्प व्हायची. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पोट फाडून मुलगा झाला. दोन किलो नऊशे. घरी आणल्या दिवशी सरांनी नुसतं दुपटं माझ्यावर ठेवलं. दोनशे ग्रॅम भरलं. भिंतीवर हा एवढा तक्ता लावला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'दुपट्याचे दोनशे ग्रॅम वजा.' रोज सकाळी सहा वाजता बायकोने बाळाला दुपट्यासकट माझ्यावर ठेवायचं, सरांनी आकडा वाचायचा, दोनशे वजा करायचे आणि तक्त्यावर लिहायचं. रोज पंचवीस ग्रॅम वाढ, हा हुकूम.

शेजारच्या रकान्यात बायकोचं वजन. ते रोज उतरलं पाहिजे, हा दुसरा हुकूम.

"'निरोगी कुटुंब' नावाचा वर्ग काढतोय खाली," सर म्हणाले. "व्यायाम, आहार, बाळाचं संगोपन, सगळं एकाच ठिकाणी. दारावर आपला फोटो लागणार. अडीच महिन्यांत तुझं पोट आत आणि पोरगं पाच किलोचं. लोकांनी बघत राहिलं पाहिजे."

"अहो, टाके अजून ओले आहेत माझे."

"टाके पोटाला आहेत ना? पायांना काय धाड भरलीय? मार बैठका."

तिने मारल्या. भिंतीला हात लावून, दात-ओठ खात मारल्या. आणि खायला काय, तर अंड्याचा पांढरा भाग, काकडी आणि लिंबू पिळलेलं पाणी. आता मला सांगा, बाईच्या अंगात दूध काय हवेतून येणार होतं? डब्याच्या दुधाचं नाव काढलं तर म्हणे, "माझं पोरगं पावडरीवर? तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला." एकदा सासूबाईंनी हळूच सुनेच्या ताटात भात वाढला. सरांनी ताट उचलून भिंतीवर फेकलं. भात तक्त्यावरून ओघळला.

"आई, तू मध्ये पडायचं नाही," ते म्हणाले. सासूबाई खाली बसून शितं वेचायला लागल्या.

एकोणिसाव्या दिवशी आकडा वाढायचा सोडून चाळीसने खाली आला. सरांनी मला दोनदा ठोकून बघितलं. सुई हलेना. मग ते वळले आणि बायकोच्या अशी कानफटात मारली की ती टेबलावर आदळली. तिचा ओठ माझ्या काठावर फुटला. रक्ताचे थेंब तबकात पडले, बाळाच्या पायांपाशी. सरांनी तिचे केस धरून तोंड तक्त्याजवळ नेलं. "वाच. मोठ्याने वाच सगळे आकडे." ती वाचायला लागली. जीभ अडखळली की डोकं भिंतीवर. पोर किंचाळत होतं. सासूबाई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून उभ्या होत्या, ऐकू येऊ नये म्हणून.

मी खरं दाखवलं आणि मार तिने खाल्ला. माझी कशी आग आग झाली सांगू! पण काटा काय करणार? जेवढं ओझं ठेवाल तेवढं दाखवणार.

त्याच दुपारी, सर गाढ झोपले असताना, तिने जिममधली एक जुनी पट्टी वर आणली. पाय बळकट व्हावेत म्हणून लोक घोट्याला बांधतात ना, ती जड पट्टी. तिच्या आत लोखंडाचे बारीक छर्रे भरलेले असतात. तिने शिवण उसवली, दुपट्याच्या दोन थरांमध्ये थोडे छर्रे ओतले आणि टाके घातले. बोटांत सुई चार वेळा टोचली तिला.

दुसऱ्या दिवशी बाळ माझ्यावर ठेवलं आणि माझ्या लक्षात आलं. अहो, लोखंडाला लोखंड कळणार नाही होय? सरांनी आकडा वाचला, दोनशे वजा केले आणि खूश झाले.

"बघितलंस? मार पडल्याशिवाय तुझं अंग दूध सोडत नाही."

त्यानंतर रोज चमचाभर छर्रे वाढत गेले. सरांनी दुपटं पुन्हा कधी नुसतं तोललंच नाही. एकदा दोनशे म्हणजे कायमचं दोनशे. आकड्यापायीचा मार थांबला. बाकीचा चालूच होता. अंड्याचा पिवळा भाग खाल्ला म्हणून बरगडीत लाथ, बैठका दहा कमी झाल्या म्हणून पट्ट्याचे वळ.

आणि दुपट्यात पोर वाळत चाललं होतं. रडणं बारीक झालं, मग तेही कमी झालं. सर जिममध्ये मिशीवर ताव देऊन सांगायचे, "आमचा पठ्ठ्या रडतच नाही."

तिला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं. सर झोपले की ती बाळाला उघडं करून माझ्यावर ठेवायची, खरा आकडा बघायची आणि तोंडात ओढणी कोंबून रडायची. "उद्या सांगते. काय मारायचं ते मारू देत, उद्या सांगतेच," असं बाळाला म्हणायची. सकाळी सरांचा हात नुसता तक्त्याकडे गेला की ती दुपटं आणखी घट्ट आवळायची. मला तिचा संताप यायचा. पोर मरतंय, बोल ना बाई! मग तिच्या कानामागची काळीनिळी जागा दिसायची आणि माझाच मला राग यायचा.

दहाव्या आठवड्यात नर्स आली. बाळाला लस द्यायला दवाखान्यात कुणी नेलं नव्हतं, म्हणून पत्ता शोधत घरीच आली. सर तिला कौतुकाने वर घेऊन आले. बायकोने बाळ माझ्यावर ठेवलं.

"पाच किलो शंभर. दोनशे वजा. चार किलो नऊशे! लिहा, सिस्टर."

नर्सने लिहिलं नाही. ती बाळाचा चेहरा बघत होती. गालांची कातडी सैल लोंबत होती, म्हाताऱ्यासारखी.

"दुपटं काढा, ताई."

"नको हो, गारठा आहे," बायको म्हणाली.

नर्सने स्वतःच दुपटं सोडवलं आणि बाजूला ठेवलं. ते टेबलावर ठण्ण वाजलं. माझी सुई सरसर खाली आली. तीन किलो दोनशे.

"काटा बिघडलाय!" सर ओरडले आणि माझ्या तबकडीवर बुक्की हाणली. काच तडकली.

"बरं, काट्याचं राहू द्या," नर्सने बाळाला उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही रोज वजनं उचलता. हातात घेऊन सांगा."

सरांनी हात पुढे केले आणि तसेच राहिले. मान कुठे धरायची, पाठ कुठे, त्यांना ठाऊक नव्हतं. अडीच महिन्यांत त्या माणसाने पोराला एकदाही उचललं नव्हतं, मी साक्षीला आहे. फक्त माझा आकडा वाचला होता.

त्यांनी दुपटं ओढलं आणि टराटरा फाडलं. छर्रे सगळीकडे उधळले. मग दोन्ही हातांनी त्यांनी बायकोचा गळा धरला. "मला फसवतेस? मला? माझ्या घरात?" तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. नर्स मध्ये पडली, तर तिला असं ढकललं की बाळाला छातीशी धरून ती दारावर आदळली.

बायकोचे डोळे फिरायला लागले होते. तेवढ्यात सासूबाई आल्या. या वेळी नळ सोडला नव्हता. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

"सोड तिला."

"आई, तू मध्ये—"

मी सरांच्या कोपरावर बसलो. कड्‌ असा आवाज आला, तो माझा नव्हता. दुसऱ्यांदा खांद्यावर, तिसऱ्यांदा गुडघ्यावर. एकशे वीस किलो उचलणारा माणूस छर्ऱ्यांवरून घसरून खाली आपटला आणि लहान मुलासारखा विव्हळायला लागला. माझी स्प्रिंग तुटली, काचेचा चुरा झाला, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चांगला आनंद झाला.

"पळ, पोरी!" सासूबाई ओरडल्या. "बाळाला घेऊन पळ!"

सून आणि नर्स जिममधून, व्यायाम करणाऱ्यांच्या मधून, धावत सुटल्या.

आता मी पोलीस चौकीच्या कोठीत आहे. माझ्या पायाला चिठ्ठी बांधलीय, मला मुद्देमाल म्हणतात. सर कोठडीत आहेत, हात प्लास्टरमध्ये. आपल्या आईविरुद्ध त्यांनी तक्रार दिलीय. सासूबाईंनी जबाब दिला, "लिहा, मीच मारलं. उशिरा मारलं, तेवढं तुमच्या कागदात घाला."

माझ्याकडून आता कुणाचं वजन व्हायचं नाही. पण जाता जाता माझं एवढं ऐका. घरात काटा जरूर आणा. पण पोराला आधी हातात घ्या, आणि त्याच्या आईला विचारा, बाई, तू जेवलीस का?

काल दुपारी सगळ्यांना सह्यांसाठी बोलावलं होतं. कोठीचं दार उघडं होतं, म्हणून दिसलं. बाळ सासूबाईंच्या मांडीवर हात-पाय झाडत ओरडत होतं, पार चौकी डोक्यावर घेतली होती. नर्स सांगत होती की उघड्या अंगाने तीन किलो आठशे भरलं. महिला पोलिसाने आपला डबा उघडून सुनेपुढे सरकवला.

सुनेने घास उचलला आणि हात मध्येच थांबला.

"यातलं किती खाऊ?" तिने विचारलं.

पोलिसीणबाईला प्रश्नच कळला नाही. "किती म्हणजे? अहो, भूक असेल तेवढं!"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. सून खायला लागली. तिने सगळा डबा संपवला, झाकणात लागलेलंही बोटाने पुसून खाल्लं, आणि मग बाळाला पदराखाली घेतलं.