जायच्या आधीचे चार रविवार

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस विसाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहून खाली बघायचा, तेव्हा त्याची पापणीसुद्धा लवायची नाही. पण लेकीला घेऊन पहिल्यांदाच युरोपातल्या समुद्रकाठी सुट्टीला जायचं ठरलं आणि तो धास्तावला.

बायको दवाखान्यात नर्स. तिला रजा मिळेना. "तुम्ही दोघंच जाऊन या," ती म्हणाली, "कॉलेज सुरू झालं की ही कुठली आपल्या हाती लागतेय!"

खोटं नव्हतं ते. सोळा वर्षांची ठकू वर्षभर खोलीचं दार लावून असायची, चार प्रश्नांना मिळून एक "हं" द्यायची. आता मात्र रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटवून बसत होती.

"हे बघ बाबा, काय निळं पाणी आहे!"

"लाटा मोठ्या दिसतात."

"बरं, हे?"

"स्टेशनपासून फार लांब."

तिसऱ्या गावच्या हॉटेलला लिफ्ट नाही म्हणून त्याने नाक मुरडलं, तशी ती भडकली. "तुला माझ्याबरोबर यायचंच नाहीये ना? सरळ सांग की!"

टेबलावरचा चमचा उगाच इकडचा तिकडे करत तो म्हणाला, "तसं नाही गं. मला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यातही पाय लटपटतात. तुला काही झालं, तर मी काठावर नुसता ओरडत राहीन."

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. "एवढंच ना? रविवारी सातला तयार राहा," म्हणाली.

तरणतलावावर दंडाला फुगे लावलेली पाच-सहा वर्षांची पोरं धपाधप उड्या मारत होती. "काका, घाबरू नका हं," त्यातल्या एकीने धीर दिला. तो शरमेने अर्धा झाला. ठकूने त्याच्या मानेखाली हात धरला. "अंग सैल सोड. मी आहे."

तीन रविवार तो ओंडक्यासारखा ताठच. नाकातोंडात पाणी जायचं, तो तिचा दंड घट्ट पकडायचा. ती एकदाही चिडली नाही. चौथ्या रविवारी कान पाण्यात बुडाले, गलका विरला, वरचं छप्पर तेवढं दिसत राहिलं. त्याने डोळे तिरके केले, तर ठकू दोन्ही हात वर करून दाखवत होती! पाहिल्याबरोबर तो गटांगळी खाऊन वर आला. खोकत, हसत.

ओल्या केसांनीच बाहेरच्या बाकावर बसून दोघांनी उथळ किनाऱ्याचं एक गाव पक्कं केलं, तिकिटं काढली.

"दुपारी बारापर्यंत लोळणारी पोर तू," तो म्हणाला. "माझ्यासाठी चार रविवार उठलीस."

"आता रडू नकोस हं बाबा, लोक बघतायत."

त्याने बायकोला फोन लावला. बोलायचं खूप होतं. "अगं," तो एवढंच म्हणाला, "पोरीने तरंगवलं मला."