वळणावरचा खांब

आमच्या मोटारसायकल क्लबात सगळ्यांत पुढे असतो त्याला मुंडकं म्हणतात आणि सगळ्यांत मागे असतो त्याला शेपूट. मधल्यांना रस्ता माहीत असण्याची गरज नसते. वळण आलं की मुंडकं हात दाखवून पुढे जातं आणि त्याच्या लगेच मागचा माणूस त्या वळणावर थांबतो. तो खांब. येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं वाट दाखवायची आणि शेपटानं हात वर केल्याशिवाय तिथून हलायचं नाही. हात वर झाला की त्यानं शेपटाच्या पुढे शिरायचं. एवढीच व्यवस्था. खांब जागा सोडत नाही आणि शेपूट खांब विसरत नाही, या दोन गोष्टींवर ती उभी आहे.

शेपटाला केशरी जाकीट असतं. ते मिळावं म्हणून मी चार वर्षं वाट पाहिली. नवरा म्हणायचा, "लोक पुढे जायला धडपडतात, तू शेवटी राहायला धडपडतेस." मला ते काम आवडायचं. मागून सगळे दिसतात. कोण वळणावर घाबरतो, कोण दमलाय, कुणाचं मागचं चाक हलतंय. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर तेच करते, बघते आणि लिहून ठेवते.

माझ्याआधी अकरा वर्षं काका शेपूट होते. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि आता सत्तरीला टेकलेत. त्या अकरा वर्षांत त्यांच्याकडून एकही माणूस मागे राहिला नाही, असं क्लबाच्या वहीत आहे. जाकीट मला द्यावं असं बैठकीत तेच म्हणाले. कुणीतरी कुरकुरलं तेव्हा म्हणाले, "ती चुकली तर मला विचारा." नियम साधा होता. शेपटानं खांब सोडला तर वर्षभर जाकीट नाही.

तो माझा शेपूट म्हणून पहिला दिवस. दोन दिवस पाऊस लागलेला होता, तरी सतरा गाड्या निघाल्या. माझ्या पुढे दातांचे डॉक्टर होते. गाडी नवी आणि महाग, अनुभव तीन आठवड्यांचा. ओल्या रस्त्यावर ते असे चालवत होते जणू टोपलीत अंडी आहेत. तासाभरानं पाऊस वाढला. डॉक्टर रेनकोट घालायला थांबले, मीही थांबले आणि घातला. पुन्हा निघालो तेव्हा हेल्मेटच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. बंद पडलेल्या एका पेट्रोलपंपापाशी रस्ता फुटतो. तिथे डॉक्टरांचं मागचं चाक घसरलं, सावरलं, आणि ते वळले. मी त्यांच्या चाकामागोमाग वळले.

बावीस किलोमीटरवर जेवणाचं ठिकाण होतं. मी पोचले आणि गाड्या मोजल्या. माझी धरून सोळा. पुन्हा मोजल्या. सोळाच.

आमचं मुंडकं छापखाना चालवतं. सगळे त्यांना प्रेसवाले म्हणतात. ते दारात येऊन म्हणाले, "ताई, काका कुठायत? पंपावर त्यांना उभं केलं होतं."

मी गाडी वळवली.

काका पंपासमोरच्या फाट्यावर उभे होते. करडा रेनकोट, करडं आभाळ, करडा रस्ता. फोन पाण्यापासून वाचवायला त्यांनी बंद करून पिशवीत गुंडाळला होता. मला बघून ते हलले नाहीत. मी अगदी समोर थांबून हात वर केला तेव्हा त्यांनी माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

"जाकीट कुठाय?"

मी रेनकोटची चेन उघडली. केशरी जाकीट आत होतं. डॉक्टरांबरोबर घाईत थांबले तेव्हा मी रेनकोट त्याच्यावरूनच चढवला होता.

"आत ते कुणाला दिसणार होतं?" काका म्हणाले. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. आवाज बदलून म्हणाले, "जाऊ दे. चूक माझीच आहे. मी जरा त्या पंपाच्या छपराखाली गेलो होतो. म्हातारपणी पावसात दर तासाला जावं लागतं. तेवढ्यात तू गेली असशील."

"छपराखाली होतात?"

"मग काय सांगतोय? चल, भूक लागलीये."

ते बावीस किलोमीटर मी अतिशय हलकी होऊन चालवले. खांबानं जागा सोडली तर शेपटाचा दोष नसतो. मला स्वतःशी हे तीन-चार वेळा म्हणावं लागलं.

जेवणाच्या खोलीत शिरताच काकांनी हेल्मेट काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "तिला कुणी काही बोलू नका. मी छपराखाली गेलो होतो." हशा झाला. आमच्यातले बेकरीवाले म्हणाले, "काका, पुढच्या वेळी खांबाला नळ लावून घेऊ." काकाही हसले. प्रेसवाले वहीत लिहायला लागले. माझ्यासमोर कुणीतरी गरम ऑम्लेट ठेवलं.

डॉक्टर शेजारी बसले होते. मी विचारलं, "पंपाजवळ तुम्हाला वळायचं कसं कळलं?"

"खांबानं हात केला ना," ते म्हणाले. "अगदी जोरात केला. मला वाटलं, पडतोय म्हणून ओरडतायत."

डॉक्टर माझ्यापासून दहा मीटर पुढे होते. दहा मीटरात कुणी छपराखाली जाऊन पोचत नाही.

काका बाहेर ओसरीवर बूट काढत बसले होते. मी दारात गेले तेव्हा त्यांनी डावा बूट उलटा केला. त्यातून पाणी पडलं, बारीक धार नाही, चांगलं पेलाभर. मग उजवा. तेवढंच.

"काका, छपराखाली उभ्या माणसाच्या बुटात एवढं पाणी भरत नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. मोजा पिळत म्हणाले, "तू प्रयोगशाळेतच राहा बाई. इकडे कशाला येतेस?"

"तुम्ही तिथेच होतात. मी तुमच्यासमोरून गेले."

"एक करडा माणूस गेला. हात वर केला नाही, जाकीट नाही. मी कसा निघणार? खांब आहे मी." मग हळू म्हणाले, "झालं ना आता. पचव. सगळे पचवतात."

माझ्या कामात एक सवय लागली आहे. ज्या यंत्राच्या नोंदीत वर्षभर एकही बिघाड नाही, ते यंत्र मी आधी उघडते. काकांनी ते छप्पर किती सहज पुढे केलं होतं, हे मला आत्ता जाणवलं. विचार करायलाही ते थांबले नव्हते.

"तुमचे किती राहिले होते?" मी विचारलं.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्यांनी दुसरा मोजा पिळला.

"दोन," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तीन. तिसरी तुझी काकू."

"काकू?"

"दीड तास उभी होती. सगळ्यांना सांगितलं, साखळी निघाली म्हणून. आणि घरी आल्यावर आठ दिवस माझ्याशी एक शब्द नाही. त्यानंतर गाडीवर बसली नाही. कुठे जायचं तर बसनं जाते." ते हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. "तिनंही सांभाळून घेतलं बघ. म्हणून सांगतोय."

आत ऊब होती, वहीत काकांचं नाव लिहून झालं होतं, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. आज गप्प बसले तर जाकीट राहील, आणि पुढे कधी कुणी सव्वा तास भिजत उभं राहिलं की त्यालाही छप्पर शोधावं लागेल. माझ्यासाठी.

मी आत गेले.

"प्रेसवाले, ती ओळ खोडा. काका जागेवरच होते. मी जाकिटावर रेनकोट घातला आणि वळणावर खांबाकडे बघितलंच नाही. डॉक्टरांच्या चाकाकडे बघत होते."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांचा चमचा मध्येच थांबला. प्रेसवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग काका खोटं बोलले?"

काका दारात अनवाणी उभे होते. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ते मला कधीच माफ करणार नाहीत. सत्तरीच्या माणसाला मी पंधरा जणांसमोर तोंडघशी पाडलं होतं.

"बोललो," ते म्हणाले.

प्रेसवाल्यांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. मग परतीला जाकीट तुम्हीच घाला. अकरा वर्षं तुम्ही—"

"मला नको."

"आता रुसू नका काका."

"रुसत नाहीये. माझे तीन राहिलेत. लिही तिथे."

मग कोपऱ्यातून बेकरीवाल्यांनी, पाव चावता चावता, अगदी नम्र आवाजात विचारलं, "म्हणजे त्या पुलावर माझं टायर पंक्चर झालं नव्हतं, हे मी आता सांगू शकतो का?"

पहिले काकाच हसले. मग सगळेच. "सहा वर्षं!" बेकरीवाले म्हणत होते. "सहा वर्षं हे लोक मला हवेचा पंप वाढदिवसाला देतायत!"

हसणं संपल्यावरही प्रेसवाले वहीची जुनी पानं उलटत राहिले. प्रत्येक पानावर त्यांच्या नेटक्या अक्षरात तेच होतं, 'सर्व पोचले'. "मग मी काय लिहीत होतो?" ते म्हणाले. पोचले तर सगळेच होते.

शेवटी त्यांनी वही मिटली. "नियम नियम आहे. ताई, या वर्षी नाही."

"हो."

"परतीला शेपूट बेकरीवाले."

"मी? का?"

"तुम्हाला माहीत आहे, राहिल्यावर कसं वाटतं ते."

मी जाकीट काढलं. ते ओलं आणि थंड होतं आणि काढल्यावर मला जास्तच थंडी वाजली. चार वर्षं वाट पाहिली होती आणि ते मी दुपारपर्यंतसुद्धा घातलं नव्हतं. बेकरीवाल्यांनी ते रेनकोटवरून चढवायचा प्रयत्न केला, पण पोटावर चार बोटं कमी पडत होतं. काका उठले. खिशातून त्यांनी मशीनचा जाड दोरा काढला आणि जाकिटाच्या दोन्ही कडा पुढून ओवून बांधायला लागले.

"पोट आत घ्या."

"आतच आहे, काका."

गाठ मारता मारता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "परतीला कुठे चालवणार आहेस?"

"सांगतील तिथे."

"माझ्या पुढे चालव," ते म्हणाले. "तू कुठे बघतेस ते मला बघायचंय. पुढच्या वर्षी बैठकीत पुन्हा तुझ्यासाठी तोंड उघडावं लागेल ना मला."

दाताखाली धरून त्यांनी दोरा तोडला.